संगणकाची घरगुती देखभाल व दुरुस्ती

संगणकाची घरगुती देखभाल व दुरुस्ती : घरात वापरल्या जाणाऱ्या संगणकातील बिघाड शोधून दूर करणे, त्याचा मंदावलेला वेग पूर्ववत करणे आणि त्यात साठविलेला मजकूर सुरक्षित राखणे या कामांचा यात समावेश होतो. महाराष्ट्रात या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप १९९० नंतरच्या दशकात आले. घड्याळ, शिवणयंत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी संच यांच्या दुरुस्तीची परंपरा तत्पूर्वीच येथे स्थिरावलेली होती व संगणक दुरुस्तीने तिचीच हत्यारे आणि सवयी उचलल्या. मात्र या जुन्या यंत्रांहून संगणक एका बाबतीत मूलतः वेगळा आहे. रेडिओ दुरुस्त करताना त्यात आधी काय वाजले होते, याचा विचार करावा लागत नाही. संगणकात मात्र घरातील हिशेब, पत्रे, छायाचित्रे असा संचय असतो व यंत्र चालू झाले, तरी तो गेलेला असू शकतो. दुरुस्तीच्या या शाखेचा इतिहास बव्हंशी या फरकाची जाणीव उशिरा होण्याचा इतिहास आहे. प्रस्तुत नोंदीत तो मुख्यतः नाशिक शहराच्या अनुषंगाने दिला आहे. [⟶ संगणक].

पूर्वपीठिका : आरंभीच्या संगणकांत देखभाल हे वापराइतकेच मोठे काम होते. अमेरिकेत १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व जळालेली नलिका शोधून बदलणे हा तेथील नित्यक्रम होता. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. तो बांधणारे आणि त्याची निगा राखणारे एकाच संस्थेतील असल्याने दुरुस्तीचा वेगळा प्रश्न तेथे फारसा उद्‌भवला नाही. परदेशी कंपन्यांकडून भाड्याने घेतलेल्या यंत्रांची गोष्ट निराळी होती. त्यांना हात लावण्याचा अधिकार कंपनीच्या अभियंत्यांनाच असे. परकीय चलन विनियमन अधिनियमानुसार (१९७३) भांडवलातील हिस्सा कमी करण्यास आय. बी. एम. कंपनीने नकार दिला व १९७८ मध्ये तिने भारतातील कारभार आवरता घेतला. तेव्हा तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन (सी. एम. सी.) या सरकारी कंपनीकडे आली. निर्मात्याने पाठ फिरविल्यावरही यंत्रे चालू ठेवता येतात, हे या कंपनीच्या अभियंत्यांनी दाखवून दिले. देशातील संगणक दुरुस्तीच्या इतिहासात या घटनेला तिच्या वाट्यास आलेल्या प्रसिद्धीपेक्षा बरेच अधिक महत्त्व आहे.

घरात संगणक येण्याची सुरुवात १९८०–९० या दशकात झाली. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमसारखी यंत्रे दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरत व त्यांची आज्ञावली साध्या ध्वनिफितीवरून भरली जाई. फीत नीट वाचली गेली नाही, तर टेपरेकॉर्डरच्या शीर्षाचा स्क्रू किंचित फिरवून ते फितीशी काटकोनात आणावे लागे. घरच्या घरी होणारी ही बहुधा पहिली संगणक दुरुस्ती होय. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात व निर्मिती यांवरील निर्बंध सैल झाले आणि आय. बी. एम. ने १९८१ मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या धर्तीवरील यंत्रे भारतात जुळविली जाऊ लागली. या यंत्राची रचना खुली होती. मुख्य मंडलपट, स्मृतिपट्टी, हार्ड डिस्क, विद्युत् पुरवठा संच हे भाग वेगवेगळ्या निर्मात्यांचे असले, तरी परस्परांत बसत. त्यामुळे कंपनीच्या अभियंत्यावाचून संगणक उघडणे, त्यातील एखादाच भाग बदलणे आणि सुट्या भागांतून सबंध यंत्र उभे करणे शक्य झाले. ‘असेंबल केलेला’ हा शब्द मराठी घरांत याच काळात रूढ झाला.

नाशिकमधील व्यवसाय : यंत्रांची निगा राखणारा कुशल कामगारवर्ग नाशिक परिसराला नवा नव्हता. भारत प्रतिभूती मुद्रणालय (१९२५) व चलनपत्र मुद्रणालय (१९२८) येथे पूर्वीपासून होती. ओझरचा विमान कारखाना १९६४ मध्ये निघाला आणि पुढे सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. विद्युत् व इलेक्ट्रॉनिक काम जाणणारी माणसे त्यामुळे शहरात होती. संगणक दुरुस्तीत आलेल्यांपैकी अनेकांचे हात आधी रेडिओ, दूरचित्रवाणी संच, गणकयंत्रे यांवर बसलेले होते. सुटे भाग मुख्यतः मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून येत. नाशिक-मुंबई अंतर कसारा घाटमार्गे सु. १७० किमी. असून पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परतता येत असल्याने मोठा साठा न करताही छोटे दुकान चालविता येई. बिघडलेला भाग पिशवीत घालून न्यायचा आणि तसाच दुसरा घेऊन यायचा, ही पद्धत दीर्घकाळ टिकली. दुकानदाराकडे लेखी हमीपेक्षा ओळख अधिक असे. गिऱ्हाईकही त्याला कंपनीच्या नावाने न ओळखता ‘आपला कॉम्प्युटरवाला’ म्हणूनच ओळखे.

बिघाडांचे स्वरूप बरेचसे स्थानिक परिस्थितीवर ठरत असे. विद्युत् पुरवठा हे त्यांतील पहिले कारण होय. परदेशातून आलेल्या पुरवठा संचाच्या मागील बाजूस ११५ व २३० व्होल्ट यांसाठी एक लहान लाल खटका असे. तो ११५ वर राहून गेल्यास येथील दाबाला संच जोडताच आतील धारित्रे फुटत व वास घरभर पसरे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झाले. एकलहरे येथील औष्णिक विद्युत् केंद्र शहरालगत असूनही नाशिक जिल्हा त्यातून सुटला नाही. वीज अचानक गेली की, हार्ड डिस्कवर लिहिले जात असलेले काम अर्धवट राही व पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना चकती तपासण्याचा निळा पडदा येई. घरगुती अखंड विद्युत् पुरवठा संचातील घट काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती वीज देतो. भारनियमनात तो तासन्‌तास चालावा अशी अपेक्षा धरली गेल्याने रोजच पूर्ण रिता होऊन त्याचे आयुष्य झपाट्याने घटे. घराच्या वायरिंगमधील भूसंपर्कन सदोष असल्यास संगणकाच्या पत्र्याला हात लावताच सौम्य झटका बसे. हा दोष यंत्राचा समजून दुकानात आणला जाई आणि अर्थातच तेथे तो सापडत नसे.

दुसरे कारण धूळ व उष्णता हे होय. प्रक्रियकावरील पंख्यात व उष्णताशोषकाच्या पात्यांत उन्हाळ्यात धूळ साचून थर जमतो. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास अलीकडचे प्रक्रियक स्वतःचा वेग आपोआप कमी करतात, तर काही यंत्रे एकाएकी बंद पडतात. ‘दुपारी हँग होतो, रात्री चालतो’ ही तक्रार ऐकून अनुभवी कारागीर आधी आज्ञावलीकडे न जाता ब्रश हाती घेई. पावसाळ्यात उलट दमटपणाने स्मृतिपट्टीच्या सोनेरी संपर्कांवर मळ धरतो. यंत्र सुरू करताच पडदा काळा राहणे व आतून लांब शिट्टी वाजत राहणे हे त्याचे लक्षण. पट्टी काढून तिच्या कडा शाळकरी मुलांच्या खोडरबराने पुसून पुन्हा बसविणे हा त्यावरचा उपाय असून त्यात जादू काही नाही, तरी तो पाहणाऱ्यांना ती वाटे. दूरध्वनी तारेवरून इंटरनेट घेण्याच्या काळात वळवाच्या पावसातील विजेने मोडेम जळण्याचे प्रकार होत. त्यामुळे ढग दाटून येताच दूरध्वनीची तार उपसून ठेवण्याचा रिवाज पडला.

जुन्या रेडिओ कारागिराचे कौशल्य सर्वांत उपयोगी पडले, ते धारित्रांच्या बाबतीत. सु. १९९९ ते २००७ या काळात जगभर विकल्या गेलेल्या अनेक मंडलपटांवरील विद्युत्‌ विच्छेद्य धारित्रे निकृष्ट होती. ती वरून फुगत, फाटत व तपकिरी द्रव बाहेर येई. परिणामी यंत्र कारण नसताना पुनःपुन्हा सुरू होत राही. अधिकृत सेवा केंद्रे अशा वेळी सबंध मंडलपट बदलून देत. डाख देता येणारा कारागीर काही रुपयांची धारित्रे बदलून तेच यंत्र आणखी चार-पाच वर्षे चालवी. ही कामगिरी किरकोळ नव्हे, कारण मध्यमवर्गीय घरात संगणक ही हप्त्याने घेतलेली वस्तू होती.

विषाणू : संगणक विषाणूंनी दुरुस्तीचे क्षेत्र यंत्राकडून आज्ञावलीकडे वळविले. वैयक्तिक संगणकावर पसरलेला ‘ब्रेन’ हा आरंभीचा विषाणू १९८६ मध्ये लाहोर येथील दोघा भावांनी लिहिला होता. तो फ्लॉपी चकतीवरून पसरे. तैवानमध्ये १९९८ मध्ये लिहिल्या गेलेल्या सी. आय. एच. या विषाणूचा २६ एप्रिल १९९९ रोजी स्फोट झाला व इतर देशांप्रमाणे भारतातही अनेक यंत्रे बंद पडली. हा विषाणू हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसे आणि काही मंडलपटांवरील मूलभूत आज्ञावलीची चिपही निकामी करी. आज्ञावलीच्या दोषासाठी चिप बदलावी लागण्याचा हा विलक्षण प्रसंग होय.

महाराष्ट्रापुरता या प्रकरणाचा महत्त्वाचा भाग पुण्यात घडला. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे गणकयंत्रांची दुरुस्ती करीत व १९९३ मध्ये त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हा दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. दुरुस्तीसाठी येणाऱ्या यंत्रांत विषाणूंचे प्रमाण वाढत असल्याचे पाहून त्यांचे बंधू संजय काटकर यांनी विषाणू काढणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतून १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ ही आज्ञावली निघाली. पुण्याबाहेर काढलेल्या आरंभीच्या शाखांपैकी एक नाशिकची होती. कंपनीने २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले व २०१६ मध्ये तिचे भाग शेअर बाजारात नोंदले गेले. विषाणूंचा अभ्यास प्रयोगशाळेत न होता दुरुस्तीच्या बाकावर झाला, हे या उत्पादनाचे वैशिष्ट्य. पेन ड्राइव्हचा प्रसार झाल्यावर छायाचित्रकाराचे दुकान, सायबर कॅफे, झेरॉक्सचे दुकान व महाविद्यालयाची प्रयोगशाळा या वाटेने विषाणू घरी येऊ लागले. पेन ड्राइव्ह लावताच त्यातील आज्ञावली आपोआप चालविण्याची विंडोजमधील सोय त्यास कारणीभूत होती. ती जुन्या विंडोजमधून फेब्रुवारी २०११ मधील सुधारणेने काढली गेली. परंतु अनेक घरांतील विंडोज विनापरवाना प्रतीचे असल्याने ही सुधारणा त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

‘फॉरमॅट मारणे’ : बिघाडाचे कारण शोधण्यात वेळ जातो व त्या वेळेचे मोल गिऱ्हाईक देत नाही. त्यामुळे हार्ड डिस्क नव्याने आखून विंडोज पुन्हा भरणे हा सर्व रोगांवरचा एकच काढा बनला. सामान्य बोलीत त्याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. दोन-तीन तासांत यंत्र नव्यासारखे पळू लागे व दुकानदाराचे नाव होई. घरातील मजकुराची खबरदारी म्हणून हार्ड डिस्कचे सी व डी असे भाग पाडून फक्त सी भाग पुसण्याची चाल होती. ती शहाणपणाची होती, पण अपुरी. विंडोजमध्ये ‘माय डॉक्युमेंट्स’ हा कप्पा आणि पडद्यावर ठेवलेल्या सर्व फायली प्रत्यक्षात सी भागातच असतात व घरातील माणसे नेमकी तेथेच सर्व काही ठेवीत. लग्नाचे फोटो, सोसायटीचा ताळेबंद, मुलीचा प्रकल्प यांचे काय, हा प्रश्न विचारला जाई तो बहुधा यंत्र घरी परत आल्यावर. आखणी झाली, म्हणजे जुना मजकूर लगेच नष्ट होतो असे नाही. शीघ्र आखणीत केवळ त्याची अनुक्रमणिका पुसली जाते व त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर परत मिळविता येतो. परंतु आखणीपाठोपाठ विंडोज व इतर आज्ञावल्या त्याच जागी भरल्या गेल्याने ही संधीही बऱ्याचदा हुकली. दोष एकट्या कारागिराचा म्हणता येत नाही. मजकुराची दुसरी प्रत ठेवावी, ही सवय वापरणाऱ्यालाही कोणी लावलेली नव्हती.

मराठी मजकुराचा प्रश्न : इंग्रजीत लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली एक अडचण मराठी घरांना भोगावी लागली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) जिस्ट तंत्रविद्येद्वारे भारतीय लिप्या वैयक्तिक संगणकावर आणल्या. भारतीय मानक संस्थेनेही १९९१ मध्ये सामाईक संकेतावली प्रसिद्ध केली. व्यवहारात मात्र श्री-लिपी, आकृती इ. फाँटसंच रूढ झाले व त्यांतील प्रत्येकाची अक्षरमांडणी वेगळी होती. मराठी अक्षराची आकृती रोमन अक्षराच्या क्रमांकावर बसविलेली असे. तो फाँट ज्या यंत्रावर नसेल, तेथे सबंध मजकूर चिन्हांकित रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगांत दिसे. फॉरमॅटनंतर विंडोज परत भरले जाई, पण फाँट राहून जाई. पुष्कळदा त्याची चकती व कुलूपकिल्ली हरवलेली असे. अशा वेळी फाइल शाबूत असूनही ती वाचता येत नसे आणि घरची मंडळी ती विषाणूने खाल्ली असे समजत.

युनिकोड संकेतावलीने हा गोंधळ मिटण्याची वाट मोकळी केली. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फाँट आला. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) मात्र भारतीय लिप्यांची सोय मूळ चकतीवरून वेगळी भरून घ्यावी लागे. ती भरली नसल्यास जोडाक्षरे फुटत व ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील र आणि ‘ॲ’ हे अक्षर यांबाबतच्या तक्रारी आणखी काही वर्षे चालू राहिल्या. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये दाखल झाला. संगणकाची दुरुस्ती जाणणाऱ्यास थोडे व्याकरण व थोडी मुद्रणकला यावी लागे, असा हा काळ होता.

वेगवर्धन : संगणक ‘स्लो’ होणे ही सर्वांत व्यापक तक्रार होय. विंडोज एक्सपीसाठी १२८ मेगाबाइट स्मृती शिफारशीची असली, तरी विषाणूरोधक आज्ञावली, फाँटसंच व संदेशवाहक आज्ञावल्या एकदम चालू केल्यावर ती पुरत नसे. स्मृती अपुरी पडली की, यंत्र हार्ड डिस्कचा तात्पुरती स्मृती म्हणून वापर करते. चकती प्रत्यक्ष फिरणारी असल्याने तिला लागणारा वेळ इलेक्ट्रॉनिक स्मृतीच्या मानाने प्रचंड असतो. डिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहणे ही त्याची खूण. येथे सर्वांत फलदायी खर्च आणखी एका स्मृतिपट्टीचा. यंत्र सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या आज्ञावल्या कमी करणे, सी भागात मोकळी जागा राखणे, विखुरलेल्या फायली सलग लावणे यांनीही फरक पडे, पण मर्यादित. नोंदवही साफ करून वेग दुप्पट करण्याचे आश्वासन देणाऱ्या आज्ञावल्यांनी मात्र यंत्राचे भले क्वचितच केले. २०१० नंतर घन अवस्था स्मृती असलेली एस. एस. डी. स्वस्त होत गेली. तिच्यात फिरणारा भागच नसल्याने जुन्या यंत्रालाही नवा वेग आला व फायली सलग लावण्याची गरज उरली नाही.

शिक्षण व अलीकडील स्थिती : नाशिक येथे मुख्यालय असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे होत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये सुरू केलेल्या एम. एस.-सी. आय. टी. या अभ्यासक्रमाने संगणकाचा वापर गावोगावी नेला. त्याचा भर साहजिकच वापरावर होता. दुरुस्तीचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्था व खाजगी वर्ग यांतून मिळत राहिले, तरी बहुतेकांची खरी शाळा दुकानातील बाक हीच होती.

मांडीवरील संगणकांनी या व्यवसायाचा पाया हलविला. अनेक नव्या यंत्रांत स्मृती मंडलपटावरच डाखलेली असते, घट चिकटविलेला असतो व आवरण उघडण्यास विशेष हत्यारे लागतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली व त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. २०२० मधील टाळेबंदीत शाळा घरात आल्या, तेव्हा माळ्यावर टाकलेली यंत्रे पुन्हा खाली उतरली. दुकाने बंद असल्याने दूरनियंत्रित आज्ञावलीने दुरुस्ती करून घेण्याची पद्धत याच काळात रुळली. तिचाच गैरफायदा घेऊन तांत्रिक मदतीच्या नावाने फसविणारेही निघाले.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला व विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, एरवी सुस्थितीतील यंत्रे अडचणीत आली. त्यांपैकी काहींवर लिनक्स बसविले जाते. उरलेली ई-कचऱ्यात जातात. ई-कचऱ्याविषयीचे नियम भारतात २०११ मध्ये झाले व २०२२ मध्ये ते नव्याने केले गेले. यंत्र देऊन टाकण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. जुन्या चकत्यांच्या चाळीस टाचण्यांच्या जोडणीला नव्या मंडलपटावर जागा नसते, म्हणून यू. एस. बी. परिवर्तक लावून त्या वाचल्या जातात. चकती फिरली, तर छायाचित्रे बहुधा उघडतात. मराठी पत्रांसाठी मात्र ती कोणत्या फाँटात लिहिली होती, हे आधी ओळखावे लागते व नंतर ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागतात.